वन्संचा मान आणि मासिमाचे पोट

मी एक जुनी चटई आहे. अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगा बेटांवर मला ताओवाला म्हणतात. चर्चला जाताना, लग्नाला, मयताला, मोठ्या माणसांपुढे जाताना लोक कपड्यांवरून मला कमरेला गुंडाळतात आणि वरून काथ्याची दोरी आवळतात. मला बांधले म्हणजे समोरच्याचा मान राखला. माझ्यावाचून गेले, तर अंगभर कपडे असूनही उघडे गेल्यासारखे. मित्रांनो, पुढचे सांगताना मला फार लाज वाटते. अंगावरच्या डागाची तर वाटतेच, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीची वाटते.

माझा जन्म वावाऊ बेटावरच्या एका पडवीत झाला. केवड्याच्या जातीच्या झाडाची लांब पाने उकळून, समुद्रात बुडवून, उन्हात पांढरी करून त्यांच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि माझ्या मालकीणबाई लाविनियाबाई, त्यांच्या आईने त्या विणल्या. विणताना बायका एकमेकींना इतके चिडवत, की हसता हसता माझी एक कड वाकडीच विणली गेली. पण आमच्याकडे नव्या चटईपेक्षा जुनीला मान जास्त. माझ्या कडा झिजल्या, दोन भोके पडली, तसतसे माझे कौतुक वाढत गेले. "किती लग्नं, किती मयतं पाहिली असतील हिनं!" असे बायका म्हणत, आणि मी फुगून जाई.

आईच्या मागे मी लाविनियाबाईंकडे आले. साठी उलटल्यावर त्या आपल्या धाकट्या भावाकडे, सामीउकडे, राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या कमरेला मीच होते. आमच्याकडे भावापेक्षा बहिणीचा मान मोठा. भावाच्या घरात ती म्हणेल ती पूर्व दिशा. शिवाय बहीणभावात अशी अदब, की भाऊ बहिणीसमोर अघळपघळ बोलत नाही. पोट बिघडणे वगैरे गोष्टींचा तर चकार शब्द काढत नाही. सामीउची बायको फिफिता ही पडली भावजय. भावजयीने नणंदेची चूक दाखवायची नसते, हे तुम्हाला मी निराळे सांगायला नको.

फिफिताची दोन्ही मुले ऑकलंडला कामाला गेली होती आणि घर सुने झाले होते. त्यात तिला धक्क्याजवळ एक मांजरीचे पिल्लू सापडले. त्याची आई ट्रकखाली गेली होती. ओंजळीत मावेल एवढे, पांढरेशुभ्र पिल्लू. फिफिताने त्याचे नाव मासिमा ठेवले, म्हणजे मीठ. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजून तिने ते जगवले.

लाविनियाबाईंचा त्या पिल्लावर जीव जडला. आता जीव जडला म्हणजे खाऊ घालायचे, दुसरे काही त्यांना येतच नव्हते. रविवारी जमिनीतल्या भट्टीतून लू निघे. लू म्हणजे अळूच्या पानांत कांदा, डब्यातले खारे मांस आणि नारळाचे घट्ट दूध बांधून भाजलेली पुरचुंडी. चर्चहून येऊन बाई मांडी घालून बसत, मासिमा येऊन माझ्यावर बसे, आणि बाई बोटाने तिला ते तुपकट लू भरवत.

"खा गं माझी राणी. माझ्या भावाच्या घरात कुणी उपाशी राहायचं नाही!"

दुसऱ्याच दिवशी मासिमाला जुलाब लागले. फिफिता पाणी आणि फडके घेऊन तिच्या मागे मागे फिरू लागली. तिने मोठ्या बेटावरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नारळाचे दूध बंद, कांदा बंद, खारे मांस बंद. बिनमिठाची उकडलेली कोंबडी चिमूटभर द्या, उकळून गार केलेले पाणी वरचेवर पाजा. एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी आटले, तर मग काही हातात राहत नाही. फिफिता तसे करू लागली. तिने दिवसभर सावरावे आणि संध्याकाळी बाईंनी ताटातला घास भरवावा, असे चालले.

मी मागच्या ओसरीच्या दांडीवर वाऱ्याला टाकलेली असताना नवराबायकोची कुजबुज ऐकली.

"तुम्ही सांगा तुमच्या बहिणीला," फिफिता म्हणाली.

"मी?" सामीउ दचकलाच. "काय सांगू? ताई, मांजरीला... ते... होतंय? जीभ झडेल माझी!"

"मग काय मी सांगू? नणंदेच्या हातातला घास मी काढून घेऊ? उद्या गावभर होईल, फिफिता नणंदेला टाकून बोलली म्हणून."

"त्यांना म्हण, मासिमा झोपलीये."

"रोज रोज किती झोपवू हो तिला?"

तरी तिने झोपवून पाहिले. पिल्लाला न्हाणीघरात टोपलीखाली लपवले. पण लाविनियाबाईंची हाक ऐकून ते आतून केविलवाणे ओरडले आणि बाईंनीच टोपली उचलली.

"अगं बाई! हाडं मोजून घ्यावीत हिची! फिफिता, एवढ्याशा जिवाला उपाशी मारतेस होय गं?"

"चुकलं, वन्सं," फिफिता खाली मान घालून म्हणाली.

बाईंनी त्या दिवशी वाटीभर नारळाचे दूध पाजले. मी त्यांच्या कमरेला होते. पिल्लाचे पोट माझ्यावर टेकले होते, ते फुगून ताठ झाले होते आणि अंग मात्र गार पडत चालले होते. मला कळत होते. फिफिताला कळत होते. सामीउला तर इतके कळत होते, की तो कुंपण दुरुस्त करायला निघून गेला.

मग तो दिवस उजाडला. चर्चच्या बायका चहाला आल्या होत्या, पाद्रीबुवांची बायकोही आली होती. लाविनियाबाई मला बांधून मधोमध बसल्या होत्या आणि मासिमा त्यांच्या मांडीवर निपचित पडून होती. चहा ओतला जात असतानाच माझ्यावर काहीतरी कोमट पसरले. पातळ, हिरवट, आणि त्याचा वास... मित्रांनो, वासाचे राहू द्या. माझ्या विणीविणीतून ते झिरपत गेले.

सगळ्यांना दिसले. पण लाविनियाबाईंच्या मांडीवरची घाण दिसली असे म्हणणार कोण?

"केक छान फुगलाय हं," पाद्रीणबाई श्वास रोखून म्हणाल्या.

"ओहोटी लागलेली दिसते," दुसरी म्हणाली. "समुद्राचा वास येतोय."

"हो ना, आज जरा जास्तच येतोय," तिसरी म्हणाली आणि घाईघाईने केकचा तुकडा तोंडात कोंबला.

लाविनियाबाई हलल्या नाहीत. पाहुण्या जाईपर्यंत त्या ताठ बसून राहिल्या. मला वाटत होते, धरणीने पोटात घ्यावे. बायका गेल्या आणि बाईंनी विचारले, "फिफिता, हे कधीपासून चाललंय?"

सामीउ दारातून मागच्या मागे पसार झाला. फिफिताला रडू फुटले.

"तुम्ही लू भरवलंत ना, वन्सं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले होते, तिला ते सोसत नाही."

"म्हणाले होते? म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"सामीउला?"

"हो."

"आणि या आत्ता केक खाऊन गेल्या, त्यांना?"

फिफिताने खाली मान घालून केकची ताटली उचलली.

"आणि मी तुला म्हणत होते, उपाशी मारतेस. तू आपली 'चुकलं, चुकलं' म्हणत होतीस!"

"तुमचा मान, वन्सं..."

"आग लागो त्या मानाला! पिल्लू चाललंय गं माझ्या हातानं!"

बाईंनी काथ्याची दोरी ओढून सोडली आणि मला जमिनीवर टाकून दिले. आजवर मला दोन्ही हातांनी उतरवून, घडी घालून गादीखाली ठेवत आल्या होत्या. त्या दिवशी मी बोळ्यासारखी कोपऱ्यात पडले आणि मेल्याहून मेल्यासारखी झाले. मला बांधले की माणसे अदबीने वागतात, याचा मला जन्मभर अभिमान होता. मला बांधले की माणसे गप्प बसतात, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. माझा मान राखण्यासाठी एक जीव मरायला टेकला होता.

फिफिता मला धुवायला उचलणार, तर बाई म्हणाल्या, "राहू दे. माझ्या हातची घाण आहे, मीच धुते." समुद्राच्या पाण्यात गुडघाभर उभे राहून त्यांनी मला चोळले. घाण गेली, डाग राहिला. धुताना त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

फिफिता चमच्याने पिल्लाच्या ओठांना पाणी लावत राहिली. बाई पिल्लाला कापडात गुंडाळून उरापाशी धरून बसत, पण खाण्याच्या कशालाही हात लावत नसत. दोन दिवस कोणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिसऱ्या दिवशी मासिमा उठली, झोकांड्या खात जेवणाच्या जागी आली आणि बाईंच्या पायाशी बसून तिने तोंड उघडले.

बाईंच्या ताटात मासा होता. त्यांनी सवयीने तुकडा मोडला, हात खाली नेला आणि तो हात मध्येच थांबला. त्यांनी फिफिताकडे पाहिले.

"देऊ का गं?"

त्या घरात आजवर कोणी लाविनियाबाईंना परवानगी मागताना ऐकले नव्हते. सामीउच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. फिफिताचे कान लाल झाले.

"नको, वन्सं," ती म्हणाली.

बाईंनी तो तुकडा मुकाट्याने स्वतःच्या तोंडात घातला. थोड्या वेळाने विचारले, "बरं, मग उद्या?"

"उद्याही नको."

सामीउ आपले ताट घेऊन बाहेरच जाऊन बसला. इकडे बाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

मासिमा आता कोंबड्यांवर धावून जाते. लाविनियाबाई मला अजून चर्चला बांधतात, पण डागाची बाजू आत लपवत नाहीत, बाहेर ठेवतात. कोणी विचारले की सगळी हकीकत सांगतात. मला त्या वेळी अजूनही गडप व्हावेसे वाटते. पण हळूहळू मला त्याची सवय होते आहे.

मित्रांनो, मांजराच्या पिल्लाला प्रेमाने आपल्या ताटातले भरवू नका. त्याचे पोट आपल्यासारखे नसते. आणि माझ्यासारखी चटई बांधून कितीही मोठे माणूस तुमच्यासमोर बसलेले असो, त्याच्या हातून चूक होत असेल तर त्याला सांगा. हळू आवाजात सांगा, खाली मान घालून सांगा, पण पिल्लू जिवंत आहे तोवर सांगा.