तीन वाट्यांतली वेगळी

आई गेल्यानंतर नवव्या दिवशी कासवकाका घरी आले, चहा नको म्हणाले आणि तिची निळी वही मागून घेऊन गेले.

मी दिली. त्या दिवसांत कुणी घराचं दार मागितलं असतं तरी बिजागऱ्या काढून दिलं असतं. वहीत चवींची प्रमाणं होती. आई वेफर्सच्या कारखान्यात मसाल्यांची मिश्रणं ठरवायची आणि काका वीस वर्षं तिचे मदतनीस. मी लहान असताना त्यांच्या सावकाश चालण्यावरून त्यांना हे नाव ठेवलं, ते पुढे कारखानाभर झालं.

नंतर मी वही परत मागितली. "शोधतो," म्हणाले. पुन्हा मागितली तेव्हा कपाटाची किल्ली घरी राहिली होती. तिसऱ्यांदा मी मागितली नाही. लक्ष ठेवायला लागले.

लक्ष ठेवणं सोपं होतं, कारण मी त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर पाकिटांवरचा मजकूर तपासते. चार महिन्यांनी माझ्या टेबलावर नवं पाकीट आलं. निळं पाणी, वाकलेलं झाड आणि ‘बेटांची चव: नारळ, लिंबाची पानं, मिरची, किंचित धूर. निळ्या बेटांवरून थेट तुमच्या हातात.’ कुठलं बेट, असं मी विक्री विभागाला विचारलं.

"समुद्रातलं," उत्तर आलं.

मी ‘थेट’ खोडलं. पण माझी नजर लिंबाच्या पानांवर अडली होती. शेवटच्या हिवाळ्यात आई तीच पानं बोटांत चुरगळून तासन्‌तास हुंगत बसायची. ही चव तिची होती, याबद्दल मला शंका नव्हती. आणि त्या दुपारी जेवताना गोदामवाला म्हणाला, "ऐकलंत का? म्हातारपणी आमच्या कासवाने शर्यत मारली. नवी चव त्यांचीच म्हणे!" सगळे हसले. मी चमचा खाली ठेवला.

आईचं शेवटचं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवलं. चव तपासायला कर्मचाऱ्यांतून बारा जण घेतात. त्यात मी स्वतःहून नाव दिलं. आईचा हात ओळखायचा आणि तडक व्यवस्थापकांकडे जायचं.

चाचणीच्या खोलीत प्रत्येकाला एक अरुंद कप्पा असतो. रंगावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून वर लाल दिवा. फळीवर तीन वाट्या, प्रत्येकीवर नुसता आकडा. दोन वाट्यांत एकच माल, एकीत वेगळा. वेगळी ओळखायची, फॉर्मवर शेरा लिहायचा, मध्ये पाण्याने चूळ भरायची.

२७१ छान होती. आधी नारळाचा गुळचटपणा, मग लिंबाच्या पानांचा वास, आणि मिरची अगदी उशिरा, पाहुण्यासारखी. ८४६ तशीच. मग मी ५३९ तोंडात टाकली.

मीठ. जीभ आत ओढून घेणारं मीठ, मागोमाग दात आंबवणारं लिंबू. थुंकायला कागद उचलला आणि थांबले. ही चव मी तिच्या शेवटच्या वर्षात रोज खाल्ली होती. घरच्या सुपात, उकडलेल्या अंड्यांवर. "आई, समुद्र ओतलास की काय?" असं मी म्हणायचे, आणि ती म्हणायची, "मग पाणी घाल गं, किती तोंड वाजवतेस!"

मी फॉर्म घेऊन उठले.

"अहो, फॉर्म कुठे नेताय?" चाचणीच्या बाई मागून ओरडल्या.

"आलेच."

काका खालच्या खोलीत वजनकाट्यावर पूड मोजत होते.

"५३९ आईची आहे," मी म्हणाले.

त्यांनी डब्याला झाकण लावलं. "ओळखलीस?"

"चोरायचीच होती तर नीट तरी चोरायची, काका."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली (म्हणजे किल्ली खिशातच होती) आणि निळी वही माझ्यापुढे ठेवली. "शेवटची वीस पानं वाच."

आईच्या अक्षरात मिठाचे आकडे पानागणिक चढत गेले होते. दीड, अडीच, चार. प्रत्येक आकड्यावर पेन्सिलीची रेघ, शेजारी काकांच्या बारीक अक्षरात दुसरा आकडा.

"औषधांनी तिची जीभ गेली होती," काका म्हणाले. "खारट, आंबट, काही कळेना. नाक मात्र शाबूत. मग वास तिने ठरवायचा, मीठ मी बघायचं. वरच्यांना कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवली असती. ती गेल्यावरही ही पानं कुणाच्या हाती पडून तिचं नाव खराब होऊ नये म्हणून वही नेली."

माझा विश्वास बसला नाही. रचलेल्या गोष्टी मी पुष्कळ वाचलेल्या आहेत.

"मग आज तिचे आकडे आमच्या पुढ्यात कशाला मांडलेत?"

त्यांना हे उत्तर देणं जड गेलं. "आठ महिने तिच्यासमोर तिचे आकडे खोडले. एकदाही जसेच्या तसे करून पाहिले नाहीत. तीच बरोबर असली तर? माझी जीभ तरी काय, साठीची. म्हणून न सांगता बारा जणांपुढे ठेवलं."

मी पुन्हा पानं उलटली. आता मी मजकूर तपासत होते. एका खोडलेल्या आकड्याखाली आईने लिहिलं होतं, ‘बरं, तुझंच ठेव.’ दोन पानांनंतर, ‘कासवा, आज फार खोडतोस.’ अक्षर तिचंच. शाई तिच्याच पेनाची.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुला सांगितलं असतं तर स्वयंपाकघरात उभं राहू दिलं असतंस तिला?"

मी खुर्ची ओढून बसले. नसतं राहू दिलं.

बाई दारात आल्या. "ताई, तुमच्यापायी अकरा फॉर्म अडकलेत!" मी तिथेच पेन काढलं. वेगळी वाटी: ५३९. शेरा: फार खारट, आंबट, खाववत नाही. काका माझ्या हाताकडे बघत होते. बाई फॉर्म घेऊन गेल्या.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

टेबलावर नव्या चवीचा नोंदीचा कागद पडला होता, वर पाठवायच्या तयारीत. मी तो ओढून घेतला. ‘निर्मिती’पुढे काकांनी एकच नाव लिहिलं होतं, आईचं.

"हे चूक आहे," मी म्हणाले.

"आता काय राहिलं?"

"पूर्ण नाव सांगा तुमचं. मला माहीत नाही."

त्यांनी सांगितलं. मी ते आईच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरात लिहिलं.

"अगं पोरी, वरचे विचारतील, मदतनिसाचं नाव कशाला म्हणून."

"मजकूर मी तपासलाय म्हणून सांगा," मी म्हणाले आणि कागद वर न्यायला उठले.