बेंबीतला भाऊ

बेकरीमागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टीच्या भिंतीची धग, दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि मधोमध पाच महिन्यांचं उघडं बाळ. ते रडलं तशी त्याची बेंबी बोराएवढी वर आली. गेलेल्यांचे आवाज ऐकतो म्हणणाऱ्या कानवाले बाबांनी तिच्यावर पितळी नरसाळं ठेवलं आणि अलगद दाबलं.

गुर्र्र.

"ऐकलंत? याचा जुळा जन्मताच गेला ना? गेला कुठे! भावाच्या बेंबीत राहतोय. हा रडला की तो डोकावतो. जागा अडचणीची आहे, पण तक्रार नाही त्याची."

जुळ्याची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती; बाबांना मात्र ती 'आतून' कळली.

मी दवाखान्यातली नर्स, बाळांची वजनं करते. तीन आठवड्यांनी हेच बाळ काट्यावर आलं. वजन जराही वाढलेलं नव्हतं आणि मांड्यांवर निळे डाग. त्याची आई शिंप्याकडे काज-बटणं करते. मी विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "चिमटा काढते, सिस्टर. हा रडल्याशिवाय तो येत नाही. दिवसातून एकदा तरी बघू नको का मी त्याला?"

मी वजनांच्या वहीत डागांची नोंद केली. त्या दिवसापासून मलाही काट्यावर दोन बाळं दिसू लागली.

बाबांच्या पुढच्या बैठकीला मी वही घेऊनच गेले.

"बाबा, वर्षभरात अशी फुगरी बेंबी एकोणीस बाळांची. त्यातली चौदा दिवस भरण्याआधी झालेली, नाहीतर वजनाला कमी. जुळी दोनच. बाकीच्यांच्या बेंबीत कोण राहतं? भाडेकरू?"

"काट्यावर आत्मा तोलता येत नाही, बाई!"

लोक हसले. हसता हसता बेकरीवाल्या शेठना त्यांची जुनी खोकल्याची ढास लागली, आणि सदऱ्याखाली काहीतरी उचललं गेलं.

"शेठ, सदरा वर करा."

"अहो, बायकांसमोर?"

"भट्टीसमोर उघडेच असता की!"

सुटलेल्या पोटावर लिंबाएवढी बेंबी. मी बाबांचं नरसाळं लावून हलकेच दाबलं. गुर्र्र.

"बाबा, हे कोण?"

दारातून शेठची थोरली बहीण म्हणाली, "हा एकटाच झाला होता. तेवढा पुरे होता."

खोली हसण्यात बुडाली. मी सांगितलं, "नाळ आत जाते तिथलं भोक जन्मानंतर मिटतं. लवकर झालेल्या, कमी वजनाच्या बाळाचं रेंगाळतं. रडताना पोटावर जोर येतो आणि आतडं बाहेर डोकावतं. आवाज त्यातल्या वाऱ्याचा. मोठेपणी हेच सुटलेल्या पोटानं, जुनाट खोकल्यानं, लागोपाठच्या बाळंतपणांनी होतं. बाळाचं बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप मिटेल. शेठ, तुमचं मिटणार नाही, सर्जनना दाखवा."

बाबांनी नरसाळं पिशवीत टाकलं. कोपऱ्यात ती काज-बटणंवाली आई बाळाला घेऊन बसली होती.

"म्हणजे तो तिथे नाही?" आईनं विचारलं.

"नाही गं."

"कुठेच नाही?"

मी वहीतलं जन्माचं पान उघडलं. वरच्या ओळीत हे बाळ, पुढे वजनांची रांग. खाली दुसरं: तेराशे ग्रॅम. पुढे कोरं. ती त्या आकड्यावर बोट ठेवून किती तरी वेळ बसली.

बाळ रडलं. साऱ्या खोलीचे डोळे बेंबीवर गेले. तिनं एकटीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला पदराखाली घेतलं.

बेंबी फुगली तर तिच्यावर नाणं बांधू नका, नरसाळं लावू नका, डॉक्टरांना दाखवा. ती कडक किंवा लाल झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर तडक इस्पितळ गाठा. आणि गेलेल्यासाठी रडायचं असेल तर आपण रडावं. ते काम बाळावर टाकू नये.