डॅफोडिलची पात

सून इस्पितळात नर्स होती. घरामागच्या हातभर बागेत तिने थंडीच्या तोंडावर डॅफोडिलचे कंद लावले, तेही जाती पारखून. कुंपणाशी उंच, तुतारीसारख्या पिवळ्या फुलांचे. पायरीपाशी बुटके, लवकर फुलणारे. खिडकीखाली पांढरे, एका दांड्यावर चार-पाच फुलं येणारे. वास फक्त त्यांनाच. थंडी ओसरल्यावर दोन महिने काही ना काही फुललेलं होतं.

मग फुलं सुकली आणि पात लोळू लागली. सासरे जमीन-मोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार. वेडंवाकडं काही त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. सून कामावर असताना त्यांनी सगळी पात जमिनीलगत छाटून टाकली.

"बघ, कशी चकाचक केली बाग!"

सुनेने पिशवी खाली ठेवली. "बाबा, कंद त्या पातीवरच पोसतो. आपोआप वाळेपर्यंत ठेवायची असते ती."

"मग आधी सांगायचंस."

"विचारायचंत तरी."

दोन दिवस अबोला झाला.

पुढच्या वर्षी पात उगवली, फूल एकही नाही. सासरे रोज सकाळी वाकून कळ्या शोधायचे. शेवटी गुपचूप रोपवाटिकेत गेले. फुललेली रोपं आणून लावून टाकायची, असा बेत.

"कुठल्या जातीची देऊ?" रोपवाटिकेतल्या बाईंनी विचारलं.

सासऱ्यांना एकही नाव सांगता येईना. हात हलवत परत आले आणि सुनेला सगळं सांगून मोकळे झाले.

"म्हणजे मला फसवायला निघाला होतात?"

"हो. जमलं नाही."

तिला हसू आवरेना. कंदांची जुनी पाकिटं तिने टेबलावर मांडली, आणि सासऱ्यांनी प्रत्येक जातीची जागा दाखवणारा बागेचा नकाशा काढला, अगदी प्रमाणात. त्या वर्षी पातीला कोणी हात लावला नाही. शेजारी म्हणाले, "गवत फार माजलंय तुमच्याकडे." सासरे उसळले, "गवत नाही, जेवण चाललंय त्यांचं!"

त्यानंतरच्या हंगामात बुटक्यांना अकरा फुलं आली, तुतारीवाल्यांना दोन. पांढरे मात्र आलेच नाहीत.

"गेले का गं ते?"

"गेले असतील. किंवा आणखी एक वर्ष लागेल."

सासऱ्यांनी नकाशावर पांढऱ्यांच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाले, "यंदा एक जात मी निवडू? फुलाच्या मधला पेला गुलाबी असतो ती."

"मला नाही आवडत ती."

"मला आवडते."

सुनेने नळाजवळची जागा त्यांना देऊन टाकली.