टपावरचा घोडा

“यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणून थापाड्याने फोनवर अंगठा दाबला आणि भावोजींचा घोडा टीव्हीवरून हाकलून दिला.

पडदा काळा झाला. मधोमध एक पांढरं वर्तुळ गिरक्या घेऊ लागलं. सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या भावोजींनी आधी आपल्या फोनकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग पुन्हा फोनकडे.

“अगं, गेला की घोडा! बघ जरा काय झालं ते,” ते लेकीला म्हणाले.

“काही नाही झालं, बाबा. तुमचा फोन सुटलाय. मामाचा जोडला जातोय.”

“त्याला कुणी सांगितलं जोडायला?”

“मीच वायफायचा पासवर्ड दिला. त्यालाही फोटो दाखवायचाय म्हणाला.”

“हा काय दाखवणार? ढगाचा फोटो काढून सांगेल, यावर मी बसलो होतो.”

भाची हसली. हातात मोजपट्टी घेऊन भिंतीपाशी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या बाईसुद्धा हसल्या. त्यांना या घरात येऊन तास झाला नव्हता, तरी एवढ्यात त्यांना कळलं होतं की या माणसाला हसायचं असतं. थापाड्या मात्र खुर्चीत ताठ बसून होता. आज हसा, तो मनात म्हणाला, पोट धरून हसा. त्याला आतून उकळ्या फुटत होत्या.

त्याला खरं नाव होतं, पण ते सरकारी कागदांपुरतं उरलं होतं. बाकी जग त्याला थापाड्या म्हणत असे, आणि हे नाव त्याला ज्या दिवशी चिकटलं तो दिवस तो विसरला नव्हता. त्याआधी तो काही सत्यवचनी होता असं नव्हे. विहिरीत व्हेल मासा पाहिल्याचं, वाऱ्याने उडून शेजारच्या गावात पडल्याचं तो लहानपणापासून सांगत आला होता आणि लोक ते मजेने ऐकत होते. पण भर चौकात, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या घोड्यावर बोट ठेवून “हा फोटो माझा आहे” असं तो म्हणाला, भावोजी मोठ्याने “थापाड्या!” म्हणाले आणि सगळा चौक खदखदला. छापलेल्या फोटोखाली नाव होतं भावोजींचं.

घोडा आता संग्रहालयात चालला होता. गावावर पूर आला होता त्या साली पाणी घरांच्या पहिल्या मजल्याला टेकलं होतं, आणि त्या पाण्यात बुडालेल्या बसच्या टपावर एक घोडा उभा होता. नुसता उभा नव्हता. कान टवकारून, मान वळवून, बसची वाट पाहून कंटाळलेल्या उतारूसारखा सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. त्या फोटोला करंडक मिळाला. त्या फोटोमुळे भावोजींना सभांमध्ये पुढची खुर्ची मिळाली. पुराविषयी कुणाला काहीही विचारायचं झालं की माणसं भावोजींकडे येत, आणि भावोजी डोळे अर्धे मिटून सांगायला लागत. आता त्या फोटोला संग्रहालयात वेगळी भिंत मिळणार होती आणि खाली पितळी पाटी लागणार होती. पाटीवर नाव कोरून झालं की ते कुणाला खोडता येणार नव्हतं. थापाड्याची झोप उडवली होती ती या पाटीने.

कॅमेरा त्याचा होता. पहिल्या पगारातून घेतलेला. तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो उशाशी घेऊन झोपत असे. आणि कॅमेरा त्याचा म्हटल्यावर फोटो दुसऱ्या कुणाचा कसा असेल? इतक्या वर्षांत त्याने तो क्षण इतक्यांदा सांगितला होता की बटणाचा गारवा अजून त्याच्या बोटाला जाणवे. कधी तो तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर उभा असे, कधी चिंब भिजलेल्या झाडावर. पण बटण तेच, आणि गारवाही तोच.

संग्रहालयाच्या बाई येणार म्हणून ताईने माळा आवरायला काढला होता. त्यात निघालेला एक पत्र्याचा डबा तिने त्याच्या हातात ठेवला. “तुझ्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह आहेत. तूच ने,” एवढंच म्हणाली. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण आणि भावोजींची बायको, कमीच बोलायची. जन्मभर तिने मुलांना पोहायला शिकवलं होतं आणि पाण्याखाली असल्यासारखा श्वास राखून बोलायची तिची रीत होती.

डब्यात घोडा होता. पूर्ण घोडा, म्हणजे भोवतीच्या सगळ्या पुरासकट. भिंतीवर टांगलेल्या फोटोत नुसती बस आणि घोडा होते. निगेटिव्हमध्ये दोन्ही बाजूंना आणखी हातहातभर जग होतं. थापाड्याने ती फोटोवाल्याकडून फोनमध्ये उतरवून घेतली, घरी येऊन दोन बोटांनी डावा कोपरा ताणला, आणि मग तो अंथरुणावर उताणा पडून इतका हसला की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

पुढचे दिवस त्याने सूड शिजवण्यात घालवले. फोनवरचा फोटो टीव्हीवर तारेशिवाय कसा धाडायचा ते शेजारणीकडेच शिकला. चौकोनाच्या कोपऱ्यात तीन कमानी काढलेलं ते चिन्ह दाबायचं, टीव्हीचं नाव आलं की त्यावर टिचकी मारायची. पहिल्याच खेपेला स्वतःच्या पायाच्या कुरुपाचा फोटो भिंतभर लागला आणि शेजारणीने जेवण अर्धं टाकलं. घोडा मात्र त्याने तिथे लावला नाही. शेजारीण पाहील, म्हणजे संध्याकाळपर्यंत गाव पाहील. तो घोडा फक्त फोनवर पाहायचा, अंगठ्याएवढा, आणि तोही सगळा नव्हे. डावा कोपरा. रोज उठून डावा कोपरा.

आजसुद्धा त्याने घाई केली नाही. आल्या आल्या त्यानेच विषय काढला होता. “भावोजी, बाईंना सगळं सांगा की. नीट सांगा. तुमच्यासारखं कुणाला सांगता येत नाही.”

भावोजींनी संशयाने पाहिलं होतं. पण बाईंनी पेन उघडलं म्हटल्यावर ते कसले थांबताहेत! गळाभर पाण्यात ते कसे उतरले. कॅमेरा डोक्यावर धरून बसपर्यंत कसे गेले. घोड्याला कसं चुचकारलं.

“बरोबर कुणी नव्हतं?” थापाड्याने मधाळ आवाजात विचारलं होतं.

“कोण येणार? सगळे घरात लपले होते. त्या पाण्यात मी आणि तो घोडा. तिसरा जीव नव्हता.”

“बाई, लिहून घ्या,” थापाड्या म्हणाला होता. “तिसरा जीव नव्हता.”

पडद्यावरचं वर्तुळ थांबलं. घोडा परत आला.

पण हा घोडा निराळा होता. तो लहान झाला होता आणि त्याच्याभोवती पाणीच पाणी पसरलं होतं. बुडालेले दिव्याचे खांब, तरंगणारं एक दार, पलीकडची कौलं. आणि अलीकडे, अगदी जवळ, त्यांच्याच जुन्या घराची गॅलरी. फोटो गॅलरीतून काढला होता. गळाभर पाण्यातून नव्हे.

ओल्या केसांभोवती टॉवेल गुंडाळून ताई दारात येऊन उभी राहिली. ती नुकतीच पोहून आली होती.

“डावीकडे बघा,” थापाड्या म्हणाला. “खाली. जिन्यावर.”

गॅलरीतून पाण्यात उतरणारा लोखंडी जिना होता. त्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर एक तरुण कठड्याला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी मिठी मारून बसला होता. डोळे घट्ट मिटलेले. तोंड वासलेलं. गळ्यात नाड्या बांधून अडकवलेले बूट.

बाईंनी मोजपट्टी सोडली, ती सर्रकन आपल्या डबीत शिरली.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“कोण जाणे,” भावोजी म्हणाले. “कुणीतरी असेल. पुरात कोणीही वाहत येतं.”

“बूट तुमचेच आहेत,” दारातून ताई म्हणाली. “लग्नातले. भिजतील म्हणून गळ्यात घातले होते.”

भाचीने तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटीतून हसू सांडलंच. “बाबा, तुम्ही तर रडताय!”

“रडत नाहीये. ओरडतोय. मदतीसाठी. म्हणजे, लोकांना सावध करतोय.”

“डोळे मिटून?” थापाड्याने विचारलं.

किती गोड असतं हे! इतक्या वर्षांची सगळी जेवणं, सगळ्या सभा, सगळी ती अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांची प्रवचनं तो आता घोट घोट करून परत पीत होता. भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी रिमोट उचलला आणि घाबऱ्या अंगठ्याने नुसता आवाजच वाढवत राहिले. घोड्याला कुठला आवाज?

“बंद कर ते,” ते म्हणाले.

“असं कसं? मोठा करू की.” त्याने दोन बोटांनी फोटो ताणला. मिटलेले डोळे बशीएवढे झाले. “बाई, नीट दिसतंय ना? आता मला सांगा, ज्याचे हात आणि पाय दोन्ही कठड्याला आहेत, त्याने कॅमेरा कशाने धरला असेल?”

“मेहुणे, पुरे झालं.”

“मेहुणे कोण? थापाड्या म्हणा. चौकात म्हणाला होतात तसं. मोठ्याने.”

भावोजी खाली बघू लागले. त्यांचा चेहरा अचानक म्हातारा दिसला, आणि थापाड्याला तो तसा दिसलेला आवडला. त्याला आणखी हवं होतं.

संग्रहालयाच्या बाई खुर्चीवर बसल्या. “म्हणजे फोटो यांनी काढलेला नाही, हे तर दिसतंच आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मग पाटीवर कुणाचं नाव घालायचं?”

थापाड्या उठला. कॉलर नीट केली. या क्षणासाठी त्याने मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता. “कॅमेरा माझा होता,” तो म्हणाला. “हे दोघंही नाकारणार नाहीत. गॅलरीच्या टोकाला मी उभा होतो. बुटाखाली जमीन हलत होती, धरणाचा भोंगा वाजत होता, पण हात हलला नाही. घोड्याला शीळ घातली, त्याने वळून पाहिलं, आणि मी बटण दाबलं. अजून तो गारवा या बोटाला...”

“मामा,” भाची म्हणाली.

“थांब गं. तर त्या बटणाचा गारवा...”

“मामा, फोटो पहिल्यासारखा कर. लहान कर.”

त्याने केला. भाची टीव्हीजवळ गेली. ती गुरांची डॉक्टर होती, त्याला वाटलं ती घोड्याचे पाय पाहणार. पण ती घोड्यापाशी थांबली नाही. पडद्याच्या उजव्या काठाशी वाकली. तिथे गॅलरीत एक टेबल होतं आणि टेबलाखाली एक गाठोडं. फोनवर थापाड्याला ते कधी नीट दिसलंच नव्हतं. न धुतलेले कपडे असावेत, असं त्याला वाटलं होतं, तेही वाटलं असेल तर.

भिंतभर टीव्हीवर त्या गाठोड्याला गुडघे होते.

गाठोड्याच्या डोक्यावर बादली होती. बादलीखाली अर्धा चेहरा, विरळ मिशी, आणि दोन्ही कानांवर घट्ट दाबलेले दोन तळवे. अंगात रुंद पट्ट्यांचा सदरा. मागच्या दारावर तसल्याच पट्ट्यांचा पडदा होता. आईने एकाच ताग्यातून दोन्ही शिवले होते आणि तो सदरा घातला की सगळे त्याला दार म्हणत.

“हा तू आहेस, मामा,” भाची म्हणाली. ती आता हसत नव्हती. “दोन्ही हात कानांवर आहेत.”

भावोजींनी मान वर केली. त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि पुढे सरकून बसले. थापाड्याला वाटलं, आता ते हसतील. ते हसले नाहीत. बादलीतल्या माणसाकडे ते असं बघत राहिले जणू पुष्कळ वर्षांनी कुणी सोबतीला आलं होतं.

थापाड्याने उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. गारवा अजून तिथेच होता. बादलीच्या पत्र्याचाही असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते बोट मुठीत घेतलं.

“मग कुणाचं नाव?” बाईंनी पुन्हा विचारलं.

“माझंच,” तो म्हणाला. आवाज त्याच्याआधी निघाला होता. आता त्याला मागे धावणं भाग होतं. “यावर विश्वास बसणार नाही, बाई, पण त्या कॅमेऱ्याला टायमर होता. मी तो कठड्यावर ठेवला, टायमर लावला, आणि मग टेबलाखाली गेलो. अंगावर कौल पडू नये म्हणून बादली. तेवढ्यात घोडा वळला. जमून आलं.”

कुणी हसलं नाही. भावोजीसुद्धा नाहीत. ते एकदम ताईकडे बघू लागले होते.

ताईने डोक्यावरचा टॉवेल सोडला, त्याची घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

“त्या कॅमेऱ्याला टायमर नव्हता रे,” ती म्हणाली. “असता, तर त्या फोटोत मीपण आले असते.”