सातव्या चित्राचं नाव

परदेशी जाणाऱ्या चित्रांची तपासणी आमच्याच घरी होणार, हे कळल्यापासून मी घर तीनदा झाडून काढलं होतं. युद्धात ज्यांनी आमच्यावर बॉम्ब टाकले, त्यांच्याकडे आमची चित्रं जाणार आणि त्यांची इकडे येणार, अशी देवाणघेवाण ठरली होती. माझ्या धाकट्या भावाची सात चित्रं निवडली होती. सहा पटापट पास झाली. सातव्यापाशी तपासणीला आलेले सरकारी साहेब थांबले.

पांढऱ्यावर जाड काळे पट्टे आणि कोपऱ्यात लाल गोळा. खाली नुसता आकडा. धाकटा आणि त्याची मित्रमंडळी चित्राला नाव म्हणून देत नाहीत. नाव दिलं की माणूस चित्र बघायचं सोडून नाव शोधत बसतो म्हणे. मोठे शहाणे लागून गेलेत!

"हा बंदराचा नकाशा आहे का?" साहेबांनी विचारलं.

धाकटा म्हणाला, कशाचाच नकाशा नाही, चित्र आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. सोबतच्या माणसाने दार लावून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडेही असंच दार लागलं होतं, आणि मास्तर अजून परतले नव्हते. धाकटा मात्र ढिम्म. लहानपणीही मार खायचा, पण माफी मागायचा नाही.

"आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे ती," मी म्हणाले.

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. काळे ते गज, पांढरी ती चुन्याची भिंत, लाल म्हणजे ओट्यावरचा टोमॅटो. साहेबांना आत नेऊन खिडकीच दाखवली. आमचे गज सरळ, चित्रातले पट्टे वेडेवाकडे. पण साहेब हसले. कलाकारांचं असंच असतं, म्हणाले, आणि चित्रामागे 'स्वयंपाकघराची खिडकी' असं लिहायला लावलं. धाकट्याने लिहिलं. पेन्सिल इतकी दाबून, की टोक मोडलं.

ते गेल्यावर मी मटकन खाली बसले आणि पदर तोंडात धरून रडले. तो चित्रासमोर उभा होता. दोन वर्षं राबला होता बिचारा त्यावर. मी म्हटलं, शिर सलामत तर पगडी पचास, हव्या तर शिव्या दे मला.

"शिव्या कशाला, ताई?" तो हळूच म्हणाला. "पण आता मलाही तिथे टोमॅटोच दिसतोय."