बेचाळीस ग्रॅम
कोपरापर्यंत साबण लावून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. शेजारच्या नळावर कुणाचे तरी आजोबा बोटं जेमतेम ओली करून आत शिरायला निघाले, तशी दारातल्या मावशींनी त्यांना परत पाठवलं.

"या काटेवाल्यांकडून शिका जरा. सव्वीस दिवसांत एकदाही मला तोंड उघडावं लागलं नाही."

वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पहिल्याच आठवड्यात तो अतिदक्षता विभागातल्या काट्यासमोर वाकून काटा सपाट बसलाय का हे दाखवणारा त्याच्या पायाजवळचा बुडबुडा मध्यभागी आहे का ते बघताना सापडला होता, आणि तेव्हापासून इथे सगळे त्याला काटेवाले म्हणत.

आत त्यानं थर्मासमधल्या बायकोच्या दुधाच्या दोन बाटल्या सिस्टरांच्या हाती दिल्या. सिस्टरांनी त्या उजेडात धरल्या. एकीत बावीस मिली, दुसरीत सतरा.

"कमीच होतंय हो."

"कालपेक्षा सहानं कमी."

"मुलीला छातीशी घेतलं की येईल. नुसत्या पंपाला किती दिवस पाझर फुटणार?"

हे त्याला पाठ होतं. बाळंतपणानंतर बायकोच्या टाक्यांत पू झाला, ताप चढला आणि दोन आठवडे तिला इथे यायला बंदी होती. ताप उतरल्यावर ती दोनदा आली, काचेच्या पेटीशी उभी राहिली आणि रिकाम्या हातांनी परत गेली. दोन्ही वेळा त्या संध्याकाळी पंपात थेंब आला नाही. तिनंच मग सांगून टाकलं, "हातात देणार असतील तेव्हाच बोलव." आणि हातात कधी देणार ते डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. साडेबाराशे ग्रॅम झाले की आईला घेऊन या. आम्ही फोन करत बसणार नाही, इथे चौदा बाळं आहेत.

तो पेटीजवळ गेला. मुलगी कुशीवर होती. बायकोनं तिचं नाव शेंग ठेवलं होतं, कारण पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा तिला एवढंच सुचलं. नाकात नळी, डोक्याला टोपी, पायांत मोजे, आणि सुई हलू नये म्हणून डाव्या हाताला कापसात गुंडाळलेली छोटी फळी. पेटीला अडकवलेल्या तक्त्यावर सकाळचं वजन होतं : १२९६.

त्यानं खिशातून वही काढली. १२९६ लिहिलं, खाली ४२ लिहिलं, रेघ ओढली. १२५४.

त्यानं वजाबाकी पुन्हा केली. तेच आलं. त्यानं वही बंद केली.

बेचाळीस त्यानं अंदाजानं घेतले नव्हते. त्याच मापाचा कोरा डायपर, तशीच फळी, टोपी, मोजे आणि नळीचा तुकडा त्यानं सिस्टरांकडून मागून नेला होता आणि दुकानातल्या नाजूक काट्यावर एकेक ठेवून पाहिला होता. फळी अठरा, डायपर तेरा, टोपी सहा, मोजे तीन, नळी दोन. कुठल्याही दुकानात डबा ठेवून साखर तोलली तर डब्याचं वजन तो आधी वजा करायला लावतो. स्वतःच्या मुलीचं वजन फळीसकट सांगायचं, हे त्याला जमलं नव्हतं. रोज अकरा वाजता बायको फोनवर विचारायची, "किती?" आणि तो बेचाळीस काढून उरलेलं सांगायचा. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "आज हिच्या आईला आणू ना?"

सिस्टर दुसऱ्या बाळाच्या सलाइनचे थेंब मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी मान वळवली.

"आज? आम्ही शुक्रवारपासून वाट बघतोय. मला वाटलं, त्यांना परत ताप आला."

"शुक्रवारी कुठे? शुक्रवारी बाराशे दहा होतं."

"बाराशे बावन्न. तक्ता बघा."

"ते सगळं धरून. मी फळी, डायपर, टोपी..." तो थांबला.

सिस्टर पेटीजवळ आल्या. त्यांची बारा तासांची पाळी कधीच संपली होती, बदलीची सिस्टर आली नव्हती, आणि त्यांना रागवायलाही त्राण उरलं नसावं.

"अहो काटेवाले, इथे सगळीच बाळं डायपर घालून तोलतो आपण. तो साडेबाराशेचा आकडाही डायपर-फळीसकटचाच आहे. एकदा विचारायचं तरी."

"हो."

"तीन दिवस गेले."

"हो."

"जा, फोन करा आता."

जिन्यात उभं राहून त्यानं फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं उचलला.

"किती?"

"ये तू."

"किती झालं ते सांग ना."

"ये. पुढून उघडणारा सदरा घालून ये."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग तिनं तिच्या आईला मारलेली हाक, "आई, आई, माझ्या चपला कुठे आहेत?" फोन ती बंद करायला विसरली. तो तसाच कानाला लावून ऐकत राहिला.

बाराच्या सुमारास तिला खुर्चीत बसवलं. सिस्टरांनी वायरी एका बाजूला घेतल्या, मुलीला उचललं आणि तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून पांघरूण घातलं. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे थोडे हलले, मग स्थिरावले. बायकोनं श्वास रोखून धरला होता, तो तिनं हळूहळू सोडला.

"अगं बाई," ती पुटपुटली. "जड आहे ही."

"जड?"

"मला वाटलेलं, हाताला काही लागणारच नाही." ती मुलीच्या टोपीकडे बघत होती. "तू आकडा सांगायचास ना, त्यातून मी रोज पन्नास कमी करायचे. म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगत असशील."

तक्त्यावर लिहिणाऱ्या सिस्टरांचं पेन थांबलं. मग त्या उठून पलीकडच्या पेटीकडे गेल्या.

त्याला तेवढ्यावर गप्प राहता आलं असतं. तो खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"वाढवून नव्हतो सांगत. कमी सांगत होतो." आणि त्यानं सगळं सांगितलं, फळीपासून मोज्यांपर्यंत, आणि शेवटी शुक्रवार.

मुलीच्या पाठीवरचा तिचा तळवा श्वासाबरोबर वर-खाली होत होता. कुणाच्या श्वासाबरोबर, ते बघून कळत नव्हतं.

"शुक्रवारी," ती म्हणाली, "मी दिवसभर रिकामीच होते."

तिनं मुलीची टोपी नीट केली.

"उद्यापासून वजन मी सिस्टरना विचारीन."

"बरं."

"जाऊ का बाहेर?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

ती डोळे मिटून बसली होती. झोप लागली असं त्याला वाटलं.

"मोजा निसटलाय तिचा," ती डोळे न उघडता म्हणाली. "पायाला वारं लागतंय. घाल."

मोजा पांघरुणाच्या घडीत सापडला. त्यानं मुलीचा पाय दोन बोटांत धरला. गरम होता, आणि पायानं एकदा त्याचं बोट ढकललं. हा पाय किती ग्रॅम भरेल, हे त्याच्या मनात आलंच. तो काही बोलला नाही. मोजा चढवून त्यानं पांघरुणाची कड ओढून घेतली आणि ती जा म्हणेपर्यंत तसाच बसून राहिला.