पाचवी वायर

कौतिकभाऊंनी चौतीस वर्षं वीज कंपनीत वायरमनकी केली आणि धुळ्यापासून बोदवडपर्यंत जो शेतकरी भेटेल त्याला एकच मंत्र दिला: अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाका, पाणी टाका. निवृत्तीनंतर जळगावला घर बांधलं, तर वास्तुशांतीच्या दिवशी भटजींना थांबवून आधी अर्थिंग तपासली. हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांची किती शोभा झाली ते नीट कळेल.

घर झाल्यावर भाऊंना रेकॉर्ड प्लेअरचा नाद लागला. नाद कसला, खूळच, हे त्यांच्या बायकोचं, कोकिळाबाईंचं मत. पण त्याला कारण होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका हौशी मास्तरांनी गावोगाव फिरून बायांची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी रेकॉर्ड केली होती. त्या तबकडीवर भाऊंच्या गावच्या बारा बाया झोक्यावरचं गाणं म्हणतात आणि त्यातला एक आवाज प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या मागून येतो. ती भाऊंची माय. तिचा धड एक फोटोसुद्धा घरात नाही. उरलाय तो हा आवाज.

मागच्या आखाजीला थोरली बहीण सुंदरअक्का पारोळ्याकडून माहेरपणाला आली. भाऊंनी तबकडी लावली. माय गायला लागली, पण तिच्यावर स्वार होऊन घूंऽऽऽ, खोलीत थ्री-फेजची मोटर सुरू केल्यासारखं. अक्काला तेव्हाच कमी ऐकू यायचं. ती स्पीकरला कान चिकटवून बसली.

"मायच शे ना रे ती? ऱ्हाऊ दे ती घरघर. वाजू दे."

"नही अक्का, असं नही ऐकानं मायले," म्हणत भाऊंनी सुई उचलली. "हाई सुईनी दांडी शे ना, तिन्ही वायर जुनी व्हयनी. नवी टाकस. पुढली आखाजीले देख."

वायर हातभर. निवडायला वर्ष लागलं. पोरीला स्थळ बघतानाही भाऊंनी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या. तांब्याची घ्यावी की चांदीची? प्लग सरळ की काटकोनी? सरळ मागवला, तो टेबलाच्या बुडाला अडला, परत पाठवला. रेकॉर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कपॅसिटन्सचं विचारलं, की भाऊ खांबावर जन्म काढलेल्या माणसाच्या रुबाबात लांबलचक उत्तर ठोकत आणि ते बरोबर आहे का हे मग गुपचूप शोधत.

"अहो, वायर घेताय का बांगड्या?" कोकिळाबाईंनी एकदा विचारलंच.

शेवटी चांदीची आली. चार वायरी आवाजाच्या आणि पाचवी सुटी, हिरवी. जुन्या वायरलाही अशी एक होती. भाऊंनी ती टेपने गुंडाळून ठेवली होती, नवीही तशीच गुंडाळली. अर्थिंग असते शॉकसाठी. सुईतून येणाऱ्या करंटने मुंगीसुद्धा मरायची नाही, तिथे कसली डोंबलाची अर्थिंग? चौतीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

आखाजी आली, अक्का आली. पुरणपोळी-आमरस झाल्यावर भाऊंनी तिला मानाने खुर्चीत बसवलं आणि सुई टेकवली.

घूंऽऽऽ.

तस्संच. चांदीमुळे उलट जरा ठसठशीत. भाऊंचं तोंड पडलं. अक्काला ती घरघर काही ऐकू आली नाही, पण भावाचं तोंड दिसलं. ती उठली, विहिरीवरची मोटर बघावी तशी टेबलाच्या मागे जाऊन वाकली.

"कौतिक, हाई हिरवी वायर कसानी रे?"

"अर्थिंगनी शे!" भाऊ तिच्या कानाशी ओरडले. "ती लागस नही अठे!"

"लागस नही?" अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मन्हा मळामा येस तवय तूच वरडे ना, आधी अर्थिंग देख म्हनीसन?"

भाऊंनी टेप सोडला आणि हिरवी वायर ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली पिळली. घरघर गेली. आणि माय आली. लख्ख आली, सगळ्यांच्या मागून. "ऐकस ना अक्का?" म्हणून भाऊ वळले.

अक्का त्यांच्याकडेच बघत होती.

"लाव ना आते गानं," ती म्हणाली.

भाऊंनी आवाज वाढवला. तिच्या पिशवीतलं ऐकायचं मशीन काढून तिच्या कानात घातलं. तिने मान हलवली. नुसती खरखर येते म्हणाली. भाऊंना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. मागच्या वर्षी तिला घरघरीतूनसुद्धा माय ऐकू येत होती आणि हा शहाणा वर्षभर वायरी निवडत बसला होता.

त्यांनी तबकडी पहिल्यापासून लावली, खाली बसले आणि अक्काच्या कानाला तोंड लावून मोठमोठ्याने म्हणायला लागले. शब्द सगळे पाठ नव्हते. आधी बाया काय म्हणतात ते ऐकायचं, मग ओरडायचं. चाल तर विचारूच नका. कोकिळाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

अक्काचा हात मांडीवर ताल धरायला लागला. मग ती खुदकन हसली.

"बठ्ठ्या बाया पुढे निंघी गयात," ती म्हणाली, "आनि तू मांगेच. हाईच मन्ही माय."